नमुनेवाल्या गहिनीनाथाची कबुली

गहिनीनाथसारखा संशयी माणूस दिंद्रुडच्या पंचक्रोशीत शोधून सापडायचा नाही, असं त्याची बायको भामाबाईच चारचौघींत सांगायची. सहकारी साखर कारखान्यात तो उसाचे नमुने काढायचा. तोडीआधी फडात शिरायचं, बुडका, मधलं कांडं आणि शेंडा, तिन्ही ठिकाणचा रस यंत्रावर टाकून गोडी मोजायची. नुकतं पाणी दिलेल्या फडाला तर तो हातच लावायचा नाही. पाण्यानं रस पातळ होतो आणि आकडा खोटा येतो, हे त्याचं ठरलेलं. शेतकरी चिडायचे, पुढारी दम द्यायचे, हा आपला दहा दिवसांनी येतो म्हणून सायकलवर टांग टाकायचा. घरीही तेच. आमटीत मीठ टाकलंय म्हटलं तरी गडी चाखून बघणार! भामाबाईच्या डोक्याला नुसता ताप.

मग तो दुष्काळ पडला. झाकून ठेवलेल्या कडब्याच्या गंजीला खालून बुरशी लागलेली, पण अशा साली वैरण फेकायची छाती कुणाची? भामाबाई एकेक पेंढी झटकून गाईपुढं टाकायची आणि तो काळा धुरळा तिच्याच नाकातोंडात जायचा. त्यात संधिवातासाठी ती वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या खात होती, त्यामुळं अंगात रोगाशी झुंजायची ताकद उरली नव्हती. ताप हटेना. खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

लातूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना फुप्फुसात बुरशी वाढल्याची शंका आली. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. चार दिवसांनी रिपोर्ट आला, रक्तात बुरशीचा मागमूस नाही. दीर रामहरीनं तिथल्या तिथं हात जोडले. मुलानं पिशव्या भरल्या. भामाबाईला तर कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. मग हा क्षयच असणार, त्याची औषधं घेऊन घरीच आराम करा, असं बाईंनीही सांगितलं.

गहिनीनाथ तेवढा खाली मान घालून बसला होता. काय झालं म्हणून भामाबाईनं विचारलं. तसा तो उठून बाईंच्या टेबलापाशी गेला. भाऊ उभा, मुलगा उभा, तरी त्यानं सांगून टाकलं.

"बाई, कडब्याच्या बुरशीचा वहीम आला म्हणून रक्त घ्यायच्या आधी आठ दिवस मी हिला बुरशीच्या गोळ्या चारल्यात. रामहरीला मागं जबड्याची बुरशी झालती, त्याच्या उरलेल्या. पाणी दिलेल्या फडाचा नमुना हाय हा. ह्याच्यावर जाऊ नका."

बाईंनी त्याला असा झापला की विचारू नका. दुसऱ्याच्या गोळ्या चारता, अन् वर मी विचारल्यावर लपवता? मुलगाही बापावर चवताळला. राग ओसरल्यावर बाईंनी समजावलं. औषध पोटात गेलेलं असलं की बुरशीची खूण रक्तात सापडेनाशी होते, आणि एरवीसुद्धा कैक रुग्णांत ती रक्तात उतरतच नाही. म्हणून रिपोर्ट कोरा आला तरी रोग नाहीच असं छातीठोक सांगता येत नाही. त्यांनी छातीचा स्कॅन केला, नळी घालून फुप्फुस धुतलं आणि ते पाणी तपासायला धाडलं. त्यात बुरशी निघाली. घरी गेली असती तर पंधरवडाही निघाला नसता, असं बाई म्हणाल्या. भामाबाईनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

योग्य औषधं सुरू झाली आणि तीन महिन्यांनी भामाबाई खडखडीत बरी झाली. पाहुणे म्हणाले, देवाची कृपा. तीही नारायणगडाला जाऊन डोकं टेकवून आली, डॉक्टरीणबाईंना जन्मभर विसरणार नाही म्हणाली. पण तिच्या मनात एक गोष्ट घोळतच होती. परतल्यावर ओसरीत टेकता टेकता तिनं नवऱ्याला विचारलंच.

"अहो, तुमी गप बसला असता तर कुणाला कळलं असतं?"

गहिनीनाथ म्हणाला, "कुणालाच न्हाई."

"तरीबी तुमी सांगितलंत, म्हणून मी आज हाय," भामाबाई म्हणाली, आणि सुनेदेखत तिनं त्याचा हात धरला.