खंडेनवमीच्या रेकॉर्डिंगमधला ठेका

आधीच सांगते, मी असले अनुभव वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे – जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. म्हणूनच हे लिहायची इतके दिवस टाळाटाळ केली… पण आता लिहितेच.

आमचा एक बँड आहे, 'गुरुवार सुट्टी'. इकडे कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आम्ही जमायचो तेव्हाच, म्हणून हे नाव. वाजवतो कंट्री रॉक, पण अस्सल मराठी – शिफ्टची बस, हायवेवरचे ट्रेलर, मागे राहिलेलं गाव. मी रहाटणीची, गिटार वाजवते. मामेभाऊ नीलेश बेंजो वाजवतो, तोही लग्नाच्या वरातीतला! आणि गातो योगेश. लातूरकडचा, आमच्याच कंपनीत कंत्राटी कामगार. त्याचे पार्ट मी रिजेक्ट करायचे, म्हणून मुद्दाम खेचून 'मॅऽडम' म्हणायचा. ड्रमर होता, तो नोकरी बदलून बंगळुरूला गेला. प्रॅक्टिस तळवड्यात, मामाच्या वर्कशॉपमध्ये. तिथे पत्र्याचे पार्ट ठोकून काढणारी एक जुनी पॉवर प्रेस आहे, तिच्या शेजारीच.

मागच्या नवरात्रात योगेशचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. दुसरं काम काही मिळेना.

"मॅडम, दसऱ्याला सकाळीच गावाकडं जाऊलालो," तो म्हणाला. "आता परत येणं काय व्हायचं नाही. तुमी दुसरा गडी बघा."

दुसरा गडी! त्याच्याशिवाय बँड म्हणजे मीठ नसलेली आमटी. तो जायच्या आत त्याचं एक तरी गाणं धड रेकॉर्ड करायचं, असं ठरलं. दिवस नेमका खंडेनवमीचा. पूजेसाठी आसपासची सगळी मशीनं बंद, अशी शांतता एरवी मागूनही मिळत नाही.

आणि तिथेच आम्ही माती खाल्ली. सकाळी मामाने पाने, हातोड्या, व्हर्नियर प्रेससमोर पूजेला मांडले, तर आम्हीही हौसेने गिटार आणि बेंजो त्यांच्या शेजारी ठेवले. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. दुपारी मी गिटार उचलायला गेले तर मामा केवढ्यांदा ओरडला!

"हात लावू नगं! पूजेतलं हत्यार पूजा उठल्याबिगर उचलायचं न्हाई. आता उद्या!"

"मामा, ही गिटार आहे. हत्यार नाही."

"मग पूजेत कशापायी मांडलीस?"

नीलेशने हात जोडून पाहिले, पण मामा ढिम्म हलला नाही.

शेवटी नुसतंच गायचं ठरलं. स्टुलावर मोबाइल ठेवला. मेन स्विच बंद होता, मी स्वतः पाहिला होता. मागे प्रेस हार घालून गप्प उभी. योगेशने डोळे मिटून सुरुवात केली – "खिडकीत मला बसवू नको रे, गाव मागं राहतंय…" मी आणि नीलेश मागून साथ देत होतो. दुसऱ्या कडव्यात त्याचा गळा दाटला. तो थांबला. आम्हीही थांबलो. मग त्याने एक लांब श्वास घेतला आणि गाणं पुरं केलं. त्या खोलीत आमच्या आवाजाशिवाय काहीही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

संध्याकाळी हेडफोन लावून ऐकलं आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून लावलं. गाण्याखाली ठेका होता. ठप्प… ठप्प… लोखंडावर लोखंड, दमदार, एका लयीत. आमच्यापैकी कुणी पायसुद्धा आपटला नव्हता.

पूजा उठल्यावर मी लगेच प्रेस चालू करायला लावली आणि रेकॉर्ड केली. आवाज हुबेहूब तोच! शेजारच्या शेडना कुलपं होती, तेही विचारून आले. ओळखीच्या साउंडवाल्याला ऐकवलं, तर तो म्हणाला, "ड्रमर भारी आहे राव तुमचा."

नीलेशने गाणं जसंच्या तसं नेटवर टाकलं. ते शिफ्टच्या ग्रुपांवर फिरत फिरत कुठल्या कुठे गेलं. लोकांनी बसमध्ये ऐकलं, कँटीनमध्ये लावलं. ताथवड्याच्या एका कॉलेजने बोलावलं, मग सोसायट्यांनी, मग कंपन्यांच्या फॅमिली डेला. मी योगेशला फोन केला तेव्हा तो रानात होता. "मॅडम, थट्टा करूलालात का?" म्हणाला. दिवाळीनंतर बॅग घेऊन आला, तो आजतागायत इथेच आहे. आता आमच्याकडे नवा ड्रमर आहे आणि स्वतःची गाडीसुद्धा.

पण मला झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच. प्रेसचा वेग ठरलेला असतो. ती माणसासाठी थांबत नाही, माणसालाच तिच्याशी जुळवून घ्यावं लागतं. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये, योगेशचा गळा दाटतो तिथे, ठेका थांबतो. तो श्वास घेईपर्यंत थांबतो. मग त्याच्या पहिल्या शब्दाबरोबर अलगद पुन्हा सुरू होतो.

मामाला हे ऐकवलं तर तो प्रेसकडे बघत म्हणाला, "रोज माणूस तिच्या ठेक्यानं हात हालवतो. येक दिस तिनं माणसाच्या ठेक्यानं चालून बघितलं आसंल."

मला हे पटत नाही. पण तो थांबा किती सेकंदांचा आहे, हे मी अजून मोजलेलं नाही.