उजवा कोपरा

आमच्या ह्यांना सिनेमाची गोष्ट विचारू नये. सगळा जन्म थिएटरच्या केबिनमध्ये मशीनपाशी काढला, पण गोष्ट विचारली की उत्तर एकच, "मला काय माहीत? मी कोपरा बघत होतो." नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटायचं, काय मेला शिष्टपणा हा! शेजारणी विचारायच्या, नवा सिनेमा कसा आहे गं, आणि ऑपरेटरची बायको गप्प.

पण कोपरा बघणं हेच तर त्यांचं काम. अख्खा सिनेमा काही एका रिळात मावत नाही. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, एक टिपका चमकून जातो. तुमच्या-आमच्या तो लक्षातही येत नाही. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं, आणि पुढच्या टिपक्याला पडदा त्याच्या हवाली करायचा. चुकलं तर पडदा पांढराफटक! ह्यांनी तो कधी पांढरा पडू दिला नाही. एरवी गरीब गाय, पण हे सांगताना मान अशी ताठ व्हायची.

थिएटर कायमचं बंद व्हायच्या सुमाराला डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माणसं दिसायची, टिपका दिसेना. मालकाला सांगतील तर शपथ! मदतनीस केव्हाच सोडून गेलेला. पाठ झालेल्या संवादांवरून अंदाज बांधत दिवस ढकलत होते. आणि नेमका शेवटच्या खेळाला मालकानं कुठूनसा एक जुना सिनेमा आणला, ह्यांनी कधीच न लावलेला.

त्या सकाळी चहा गार झाला तरी कपाला हात नाही. "अगं, आज पडदा पांढरा झाला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"मी येते. टिपका मी बघते, हात तुमचे."

"तुला नाही जमायचं. तू सिनेमा बघत बसशील."

असा राग आला मला!

केबिन एवढीशी, भट्टीसारखी तापलेली, मशीनचा खडखडाट. झरोक्यातून मी डोळ्यांत तेल घालून फक्त कोपरा बघितला. खाली लोक हसले, रडले, मी नजर हलवली नाही. "आला!" म्हणून ओरडायचे की ह्यांचा हात चालायचा. एकदाही अडखळले नाहीत.

शेवटचं रीळ लावायची वेळ आली. "आला!" मी म्हटलं. काही हालचाल नाही. "अहो, आला ना!" दुसराही टिपका गेला. वळून बघते तर हे शेजारच्या झरोक्याला नाक लावून पडद्याच्या मधोमध बघतायत, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी!

पडदा पांढरा. खाली शिट्ट्या, आरडाओरडा. "ए ऑपरेटर, झोपलास काय?" मी चांगलं ढोसलं तेव्हा कुठे भानावर आले आणि मशीन सुरू केलं. मी मनात म्हटलं, आता हा माणूस खचणार.

खेळ सुटला. घरी येताना मीच म्हटलं, "जाऊ द्या हो, मनाला लावून घेऊ नका." ह्यांचं लक्षच नव्हतं.

"काय गं, मुलगा निघून जातो तेव्हा ती म्हातारी दार का लावून घेते?"

"मला काय माहीत? मी कोपरा बघत होते."

भर रस्त्यात थांबले. इतके हसले की पुन्हा डोळे पुसायला लागले. "मग ऐक," म्हणाले, आणि गोष्ट अगदी पहिल्यापासून सुरू केली. घर आलं, तरी मी कुलूप काढलं नाही. आम्ही पायरीवरच बसलो. तो मुलगा अजून परत यायचा होता.