फ्रेंच काकांची पंगत

आमच्या फ्रेंच काकांइतका फ्रेंच जेवणावर जीव टाकणारा आणि त्या जेवणातलं जवळजवळ काहीच न खाणारा माणूस अख्ख्या टेक्सासात दुसरा नसेल; फ्रान्सात तर नक्कीच नसेल. काका मूळचे नागपूरचे. डॅलसजवळच्या प्लेनोतल्या एका टेलिफोनच्या कंपनीत इंजिनियर म्हणून त्यांची पंचवीस वर्षं गेली. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायचे, जसं काही बाजारातून येताना कोथिंबीर आणायची राहून गेली. अमेरिकेला निघायच्या आदल्या दिवशी आईने त्यांना देवापुढे बसवलं आणि एकच शब्द मागून घेतला: काहीही कर, मांस तोंडात घालू नको. जिथे घेवड्याच्या भाजीतही डुकराचे तुकडे सापडतात त्या मुलखात राहून काकांनी तो शब्द पाळला होता. ऑफिसच्या पार्टीत ते नुसती काकडी खायचे. आणि असा हा माणूस महिन्याच्या पहिल्या शनिवारी टाय बांधून डॅलसमधल्या एका निळ्या दाराच्या फ्रेंच हॉटेलात जायचा, आणि येताना सोन्याचं नाणं सापडल्यासारखा चेहरा घेऊन यायचा. मराठी मंडळातली मंडळी त्यांची चेष्टा करत. एक काकू तर तोंडावर म्हणाल्या होत्या, "अहो, तिथं जाऊन पावच खाता ना? तो मी घरी देते की, जायचंही नको आणि टायही नको." काका नुसते हसले होते.

मी त्यांच्या हाताला लागलो तो २००४ साली. मी बार्शीचा. नववीत शाळा सोडली आणि मटणाच्या एका खानावळीत लागलो. तिथून पुणे, आणि पुण्याहून एका ओळखीने प्लेनोतल्या देशी हॉटेलात आचारी. दुपारच्या बुफेची आमटी, भात, दोन भाज्या माझ्याकडे. हातचं काम जमायचं, पण इंग्रजी कागद वाचता येत नसे. व्हिसाचं पत्र आणि पिझ्झाची जाहिरात मी सारख्याच भीतीने उघडत असे. एक दिवस बुफेच्या रांगेतून एक उंच, कृश गृहस्थ ताट घेऊन थेट भटारखान्याच्या दारात आले आणि विचारू लागले, हे वरण कुणी केलं. मला वाटलं, केस निघाला. ते म्हणाले, "हिंग आधी तेलात घातला आहेस. हे कुणाला सुचत नाही इथं." तेव्हापासून दर रविवारी ते माझी टपालातली पत्रं वाचून दाखवू लागले. वकिलाकडे त्यांनी नेलं, दाढ दुखली तेव्हा दवाखान्यात चार तास बसले, बायकोला फोन करायचं कार्ड कुठलं घ्यायचं ते शिकवलं. माझ्यासाठी एवढं कधी कुणी केलं नव्हतं. उपकाराखाली माणूस वाकतो म्हणतात. मी तर काकांसमोर नीट मान वर करून उभाही राहत नसे.

मग एका शनिवारी त्यांनी स्वतःचा एक जुना कोट आणला, बाह्या माझ्या बोटांपर्यंत येत होत्या, आणि म्हणाले, चल. त्या दिवशी ते दुपारचं जेवायचे नाहीत. निघण्यापूर्वी माझी नखं तपासली. सगळी प्लेनो ज्या हायवेवरून सत्तर मैलांच्या वेगाने जाते तिथे काका उजव्या कडेने पन्नासवर चालवत होते आणि वाटेत मला फ्रेंच जेवणाची मूळ कथा सांगत होते. त्यांच्या मते ती आपली पंगतच, फक्त खुर्च्यांवर बसवलेली. सगळं एकदम वाढत नाहीत, एकामागून एक येतं. कुणाचं अर्धं राहिलं असेल तर दुसऱ्याचं ताट उचलत नाहीत. वाढपी मागून येतो आणि मुकाट्याने वाढतो. "फक्त आग्रह करत नाहीत बे," ते खेदाने म्हणाले. "तेवढं एक त्यांना कुणी शिकवलं नाही." ती उणीव काका स्वतः भरून काढायचे. आमचा नेहमीचा वाढपी पन्नाशीचा मेक्सिकन गृहस्थ होता. काका त्याला दर वेळी आईची तब्येत विचारत आणि आमच्या टोपलीतला पाव घेण्याचा आग्रह करत. तो बिचारा दोन्ही हात मागे बांधून नको नको म्हणायचा, आणि काकांना ते फार आवडायचं, कारण पहिल्यांदा नको म्हणणं हीच रीत आहे असं त्यांचं मत होतं.

हॉटेल साडेपाचला उघडायचं आणि आम्ही पाच पंचविसला दारात. उन्हं असतानाच जेवावं हा काकांचा नियम, त्यामुळे रिकाम्या हॉटेलात पंधरा टेबलांमध्ये आम्ही दोघंच. पाव आला की काका डोळे मिटत, पेल्यातलं पाणी ताटाभोवती फिरवत, आणि भाताची शितं नसल्यामुळे पावाचे चार कण मोडून पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर ओळीत ठेवत. चित्राहुती. पहिल्या दिवशी ते पाहून मी खुर्चीतच आक्रसलो. तेवढ्यात वाढपी आला, खिशातून चांदीची एक पातळ पट्टी काढली आणि ते चार कण अलगद एका बशीत ओढून घेऊन गेला. काका कृतकृत्य झाले. "पाहिलंस? आपल्याकडे हे काम मुंग्यांवर सोडतात. इथं माणूस ठेवला आहे." बाकीचे देशी लोक अशा ठिकाणी खिशातून मिरची काढतात म्हणून काकांना त्यांचा राग होता. ज्याच्या घरी जेवायचं त्याचंच मीठ खायचं, वर स्वतःचं शिंपडायचं नाही. जेवण झालं की ते थेट आतल्या दाराशी जायचे, हात जोडायचे आणि खड्या आवाजात "अन्नदाता सुखी भव" म्हणायचे. तिथली मुख्य आचारी म्हणजे फ्रान्सहून आलेली एक जाडजूड बाई. पहिल्यांदा तिने म्हणे सुरी हातात घट्ट धरली होती. पुढे पुढे ती पण हात जोडू लागली.

आणि ह्या सगळ्या सोहळ्याचा गाभारा म्हणजे कांद्याचं सूप. मातीच्या वाडग्यात गडद तपकिरी रस, त्यावर पावाची जाड चकती, त्यावर खरपूस भाजलेलं चीज. काका ते चीज चमच्याने असं बाजूला करायचे जशी दुधावरची साय काढावी. पहिला घोट घेतला की डोळे मिटून घेत. कांद्याचं इतकं सोनं करणारे लोक मुळात शाकाहारीच असणार, पुढे संगतीने बिघडले, असं त्यांचं ठाम म्हणणं. मला मेनू दिला तेव्हा अक्षरं डोळ्यांसमोर नाचू लागली. वाढपी वाट पाहत होता. मी काकांकडे बोट करून "सेम" म्हणालो. काका रागावले. "तोंड तुझं आहे ना? मग मागणं पण तुझंच पाहिजे. मी तुला इथं खायला नाही आणलं, बोलायला आणलं." पण पुढची दोन वर्षं दर पहिल्या शनिवारी मी "सेम"च म्हणत राहिलो.

तर त्या पहिल्या शनिवारी माझ्यापुढेही सूप आलं. मी एक चमचा घेतला आणि माझा हात थांबला. मी चौदाव्या वर्षापासून मटणाच्या खानावळीत हंड्यांपुढे उभा राहिलेला माणूस. हाडं किती वेळ उकळली आहेत हे मी वासावरून सांगतो. ह्या रसात हाडं होती, गाईबैलाची, चांगली सात-आठ तास शिजलेली. मी घाबरून काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, काका, ह्यात काही नसतं ना? ते म्हणाले, कित्येक वर्षांपूर्वीच खात्री करून घेतली आहे. वाढप्याला विचारलं होतं, मांस आहे का, तो म्हणाला, नाही सर, कांदा, पाव आणि चीज. वाढपी खोटं बोलला नव्हता. तुकडा नसेल तर मांस नाही, हा त्यांचा हिशेब. आणि आपल्या माणसाला वाटतं, मांस नाही म्हटलं की सगळंच आलं त्यात; पाणी कशाचं, हे कोण विचारणार?

मी गप्प बसलो. त्या दिवशी बसलो, आणि मग प्रत्येक पहिल्या शनिवारी बसलो. स्वतःची समजूत घालायचो की ज्याला माहीत नाही त्याला पाप नाही. पण खरं कारण वेगळं होतं. ज्याने माझ्यासाठी एवढं केलं त्याच्या महिन्यातल्या एका सुखाच्या घासात मी खडा टाकायचा? आणि एकदा सांगितल्यावर हा माणूस पुन्हा माझ्या दारात आला नाही तर? पत्रं कोण वाचणार? हेही मनात होतं, लपवून काय करू. मी स्वतः ते सूप अर्धं टाकायचो. काका म्हणायचे, तुझी भूक लहान आहे.

२००६ च्या हिवाळ्यात काका नागपूरला महिनाभर जाणार होते. आई शहाऐंशीची, दात गेलेले, पातळ पदार्थांवर होती. त्या शनिवारी सूप संपवून काकांनी नॅपकिनने मिशी पुसली आणि म्हणाले की त्यांना एक कल्पना सुचून राहिली आहे. म्हातारीने जन्मात देशाबाहेर पाऊल टाकलं नाही, तिला हे सूप करून पाजायचं. तू आचारी आहेस, बाईंकडून कृती समजून घे, मला शिकव. हे बोलता बोलता ते उठलेही, आतल्या दाराकडे निघालेही. मला पुढचं सगळं दिसलं. ती बाई हसत हसत सांगणार, आधी बैलाची हाडं भट्टीत भाजायची. भर हॉटेलात, परक्या माणसाच्या तोंडून. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"काका, करू नका. त्यात हाडं असतात."

ते वळले. आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं. ते परत येऊन बसले आणि नॅपकिनची घडी घालू लागले, चौपदरी, मग आठपदरी.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या चमच्यापासून."

"दोन वर्षं?"

मी मान हलवली. म्हणालो, तुमचे इतके उपकार आहेत, माझं तोंडच उघडेना.

काकांनी रिकामा वाडगा दूर सरकवला. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मी तुला मुकं करून ठेवलं बे."

त्या दिवशी आतल्या दाराशी जाऊन त्यांनी हात जोडले नाहीत. मला उतरवून ते गेले, पुढच्या आठवड्यात नागपूरलाही गेले, आणि रविवारामागून रविवार गेले तरी फोन नाही. इकडे माझी पत्रं साठत होती. शेवटी एक दिवस मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि एक पाकीट फोडलं. गॅसकंपनीचं होतं. दीड तास लागला. पत्रात इतकंच होतं की मंगळवारी सकाळी मीटर बदलायला माणूस येईल. मंगळवारी माणूस आला आणि मी दार उघडलं. सांगायला कुणी नव्हतं.

दोन महिन्यांनी बुफेच्या वेळी भटारखान्याच्या दारात ते उभे राहिले. थोडे वाळलेले. मी हात पुसत पुढे गेलो. तेच म्हणाले, आईला सगळं सांगितलं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, गेलं ते आता पोटातून काढता येतं का? इथून पुढे विचारून खात जा." मग कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "मला विचारता येत नाही, हे तर दिसलंच. तुला कळतं. उद्या पहिला शनिवार आहे."

दुसऱ्या दिवशी निळ्या दारात पुन्हा पाच पंचवीस. काकांनी मेनू मिटून माझ्यापुढे सरकवला आणि हाताची घडी घातली. वाढपी आला. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारायला सुरुवात केली: हे पाणी कशाचं? बटाटा कशात तळला? बदकाच्या चरबीत का? चीज घट्ट करायला वासराच्या पोटातलं काही घालतात का? वाढपी तीनदा आत जाऊन आला. चौथ्यांदा ती बाईच हात पुसत बाहेर आली. मी आचारी आहे म्हटल्यावर तिने खुर्ची ओढली, आणि तिच्या फ्रेंच इंग्रजीत आणि माझ्या बार्शीच्या इंग्रजीत आम्ही दहा मिनिटं हाडांवर बोललो. काका एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते. शेवटी त्यांच्यापुढे उकडलेले बटाटे, लोण्यात परतलेल्या घेवड्याच्या शेंगा आणि एक सॅलड आलं. काकांनी सगळं संपवलं आणि म्हणाले, बरं आहे. ज्या हॉटेलातल्या पाण्यालाही ते उत्तम म्हणायचे तिथल्या जेवणाला त्यांनी दिलेला हा पहिला "बरं" होता.

पुढची दीड वर्षं आम्ही जात राहिलो. मागायचो मीच. सुपाचं नाव कुणी काढलं नाही. मी कधी कधी विचार करतो, की मी बरोबर केलं का. शब्द राखला गेला, हे खरं. पण डोळे मिटून बसलेले काका मला पुन्हा कधी दिसले नाहीत, हेही खरंच. २००८ मध्ये त्यांनी घर विकलं आणि आईजवळ राहायला कायमचे नागपूरला निघाले. शेवटच्या शनिवारी परत येताना ते नेहमीसारखे उजव्या कडेने, पन्नासवर चालवत होते. प्लेनोचा फाटा जवळ आला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, आणि मध्येच म्हणाले,

"चव मात्र होती बे."

"होती, काका," मी म्हणालो.