जीभ दातांत हवी!

त्या खोलीत मी नव्हते, हे आधीच स्पष्ट करते. आत घडलं ते लीलाकडून ऐकलेलं. दाराबाहेरची फजिती मात्र संपूर्ण माझी!

लीला माझी धाकटी मावसबहीण, नुव्हेल फ्रांस गावातली. सत्तरच्या दशकात इंग्लंडच्या इस्पितळांना आमच्या मॉरिशसमधून नर्स हव्या असत. निवडीला तिकडच्या मेट्रनबाई येत. लीलाला काहीही करून जायचं होतं. अडचण एवढीच, की इथल्या क्रिओल बोलीला सरावलेली आमची जीभ इंग्रजी 'दिस', 'दॅट'चं 'झिस', 'झॅट' करून मोकळी होते. आणि मी पडले ध्वनिशास्त्र शिकलेली. गप्प बसेन होय?

"जिभेचं टोक दातांत. बाहेर दिसलं पाहिजे! आता कंठातून आवाज. 'झ' नाही आणि आपला 'द'सुद्धा नाही. कुणी चुकलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं."

"कुणीही, ताई?"

"कुणीही!"

पोरगी आज्ञाधारक. गाजरं उपटताना जीभ बाहेर, आरतीला जीभ बाहेर!

"बोंद्ये! देवा रे!" मावशी कळवळली. "अगो, तोंड मीट! माशी जाईल आत."

मुलाखतीला सोबत गेले, बाहेर बाकावर बसले. मेट्रनबाई निघाल्या आयर्लंडच्या. आता, तिकडचे कितीतरी लोक या ध्वनीच्या जागी आपल्यासारखा स्वच्छ 'द' म्हणतात, हे मी तिला सांगायला नको होतं का? बाई 'दिस' म्हणाल्या मात्र, लीला अदबीनं उद्गारली, "नो, मॅडम!" आणि दातांत जीभ धरून दाखवली. दोन डॉक्टरांच्या देखत!

दार उघडलं. पुढे लालबुंद मेट्रनबाई, मागे पांढरीफटक लीला.

"ताई, मी त्यांना दुरुस्त केलं," ती पुटपुटली. "गेलं माझं इंग्लंड!"

पण बाई इंग्रजीत म्हणाल्या, "ही मुलगी मला हवी. माझ्या वॉर्डात डॉक्टरांची चूक तोंडावर सांगणारं कुणीच नाही. हिला शिकवलं कुणी?"

लीला आनंदानं रडायलाच लागली. मी पदर सारखा केला, दोन पावलं पुढे झाले आणि ऐटीत म्हणाले,

"आय ॲम झ टीचर!"

लीलाचं रडणंसुद्धा थांबलं.

मेट्रनबाईंनी मला न्याहाळलं. मग जिभेचं टोक दातांतून चांगलं बाहेर काढलं, क्षणभर तसंच धरलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेल्या.

तो उच्चाराचा पाठ होता, की बाईंनी मला सरळ वेडावून दाखवलं, हे आजतागायत कळलेलं नाही.