सोलापूरच्या मागाचा ड्रायव्हर

मेल इंग्रजीत होती आणि फार सभ्य होती. लिहिणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशातला. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, पण आमचा पत्रव्यवहार जुना. त्यानं लिहिलं होतं, हा ड्रायव्हर आता कोणी वापरत असेल असं वाटत नाही, वापरत असाल तर कळवा, नाहीतर काढून टाकतो.

असं विचारायची आमच्यात पद्धतच आहे. लिनक्सचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात जगभरच्या लोकांनी लिहिलेले ढीगभर ड्रायव्हर असतात. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि त्याला जोडलेलं यंत्र यांचं एकमेकांशी जमवून देणारा प्रोग्रॅम. यंत्रच उरलं नसेल तर त्याच्या ड्रायव्हरचं ओझं वाहायचं कोणी? म्हणून काढण्याआधी सगळ्यांसमोर विचारतात. एकानं जरी ‘मी वापरतो’ म्हटलं तरी तो राहतो. सगळे गप्प राहिले की जातो. मला राग आला तो त्या सभ्यपणाचा. शिव्या घातल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

माझा ड्रायव्हर चादरीच्या मागाचा होता.

माझे वडील सीमेवरच्या, कन्नड बोलणाऱ्या मैंदर्गीहून सोलापुरात आले आणि पूर्व भागातल्या एका कारखान्यात जॉबर म्हणून लागले. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे जॉबरचं काम. कारखाना एका तेलुगू कुटुंबाचा. वडील ज्यांना ‘मालक’ म्हणायचे त्यांना मीही मालकच म्हणते. या मालकांनी एकदा हौसेनं परदेशातून जुनं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणवलं. जकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं आणि उभे धागे हवे तसे उचलतं, म्हणून चादरीवर मोर येतो, वेल येते. ते चालायचं कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या एका कार्डावर. तो कॉम्प्युटर मेला. नव्या कॉम्प्युटरला कार्डाची ओळख पटेना, आणि ज्या कंपनीनं ते बनवलं ती बंद पडलेली. वडील मला म्हणाले, ‘तू कॉम्प्युटरचंच शिकलीस न्हवं? मग बघ की.’

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते. सुट्टी मिळाली की सोलापूर गाठायचे आणि त्या शेडमध्ये, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, कानात कापसाचे बोळे घालून बसायचे. वडील जकार्डाच्या शिडीवर, मी खाली स्टुलावर. धागा उचलला की ते वरून अंगठा दाखवायचे, नाही उचलला की हात झटकायचे. बोलून उपयोग नव्हताच. तसा तो ड्रायव्हर झाला.

मग मी तो कर्नलवाल्यांकडे पाठवला, आणि माझा सासुरवास सुरू झाला. इथं जागा जास्त सोडली, ही ओळ लांब झाली, हे नाव नीट नाही, हे कशासाठी, ते कशासाठी. पाठवला की परत. पुन्हा पाठवला की पुन्हा परत. मी बाई आहे हे त्यांना फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही त्यांनी चुका काढणं कमी केलं नाही, याचं मला खरंच बरं वाटलं. ऑफिसात मला कोणी इतक्या गंभीरपणे घेत नसे. शेवटी तो थंड देशातला गृहस्थ म्हणाला, घेतो. फाइलच्या डोक्यावर मी एक ओळ लिहिली होती, ‘सोलापूर इथल्या चादरीच्या मागावर चालवून पाहिला’. तीही त्यानं राहू दिली.

मालकांनी ती ओळ असलेल्या पानाची छापील प्रत माझ्याकडून मागून घेतली, लॅमिनेट केली आणि मार्कंडेयाच्या, म्हणजे त्यांच्या विणकर समाजाच्या दैवताच्या, तसबिरीखाली लावली. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला दाखवायचे. ‘आपला माग दुनियेतल्या समद्या कॉम्प्युटरात हाय,’ असं सांगायचे. तसं नसतं हे मी एकदा समजावायला गेले. वडिलांनी डोळे वटारले. मग मी नाद सोडला.

पुण्यात मी पुष्कळ लिहिलं. त्यातलं आज काय शिल्लक आहे, कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. एक गिऱ्हाईक निघून गेलं, त्याच्यासाठी रात्रंदिवस केलेलं काम कपाटात गेलं. दुसरं तयार झालं आणि वरच्यांनी विचार बदलला. कंपनी विकली गेली, दारावरची पाटी बदलली, आमच्या गळ्यातली ओळखपत्रं बदलली. पोटासाठी केलेलं सगळं वाहून गेलं आणि फुकट केलेलं तेवढं राहिलं, असं मी मैत्रिणींना हसत सांगायचे. हसत सांगायचे, पण तेच धरून जगत होते.

सोलापुरात आमचा एक ग्रुपही होता. रविवारी नवी पेठेतल्या एका दुकानावरच्या कॉम्प्युटर क्लासात जमायचो. कोणीही आपला डबडा कॉम्प्युटर घेऊन या, आम्ही लिनक्स घालून देतो. भांडणं अशी व्हायची की खालचा कापडवाला वर येऊन विचारायचा, ‘काय मारामारी करायलाव का बे?’ आता तो ग्रुप फोनवर आहे. सकाळी कोणीतरी गुलाबाचं फूल टाकतं, दुपारी कोणीतरी प्लॉट विकायचा आहे म्हणून टाकतं. मी त्यातून बाहेर पडत नाही, कारण बाहेर पडलेलं सगळ्यांना दिसतं.

मेल आली तेव्हा माझी नोकरी गेलेली होती. तीही सभ्यपणेच गेली. व्हिडिओ कॉलवर दोन अनोळखी माणसं आली, माझी भूमिका आता उरलेली नाही म्हणाली, शुभेच्छा दिल्या. वडील त्याच्या आधीच गेले होते, तेवढं एक बरं झालं. मी सोलापूरला राहून घरून काम करत होते, त्यामुळे आईला काही कळलं नाही. मी सांगितलंही नाही. सकाळी केस विंचरायचे, धुतलेला कुर्ता घालायचा, लॅपटॉप उघडून बसायचं. आई नेहमीच्या वेळी चहा आणून ठेवायची आणि पावलांचा आवाज न करता परत जायची. तिच्या त्या चवड्यावरच्या चालण्यानं मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पेठेत कोणी भेटलं आणि ‘काम काय म्हणतंय?’ विचारलं, तर मी म्हणायचे, ‘चालू आहे की.’

मेल वाचली आणि मी मालकांना फोन लावला.

‘कोण? इंजिनेर बाई! लई दिसानं!’

‘मालक, आपला तो जकार्डाचा माग चालू आहे ना अजून?’

पलीकडं मालक खाकरले.

‘चालू हाय की,’ मालक म्हणाले. ‘न चालायला काय झालं त्याला?’

मी त्याच दुपारी जगासमोर लिहिलं, एक वापरणारा आहे, सोलापुरात, कृपया काढू नका. गृहस्थाचं उत्तर आलं, आनंद झाला. मग राहू दे, पण आतली जुनी पद्धत बदलावी लागेल. त्याचा बदल जोडला आहे, खऱ्या यंत्रावर चालवून बघा आणि तुमचं ‘टेस्टेड-बाय’ द्या. टेस्टेड-बाय म्हणजे बदलाखाली आपल्या नावाची एक ओळ, मी स्वतः चालवून पाहिलं असं सांगणारी. ते कोणी तपासायला येत नाही. शपथ नाही, सही नाही. पण न चालवता ती ओळ लिहायची नाही, एवढ्यावर ते सगळं उभं आहे.

ते दिवस फार छान गेले. मला काम होतं! लॅपटॉपसमोर बसून मी खरोखर काम करत होते, आईचा चहा हक्कानं पीत होते. त्याचा बदल वाचला, त्यातली एक चूक मीच काढली, आणि त्यानं आभार मानले. तो बदल घालून नवा कर्नल तयार केला, पेनड्राइव्हवर घेतला आणि पूर्व भागात गेले.

गल्लीत शिरल्यावरच मला कळायला हवं होतं. लहानपणी वडिलांचा डबा घेऊन आले की कोपऱ्यापासून मागांची खडखड सुरू व्हायची. आता कोणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू आली.

शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. छतापर्यंत रचलेल्या, लाल आणि पांढऱ्या, मंडपवाल्याच्या. मागांच्या जागी फरशीवर तेलाचे काळे चौकोन आणि कापलेले बोल्ट. मालक दाराशी त्यातल्याच एका खुर्चीवर बसले होते. बारीक झाले होते. वर मार्कंडेय होता आणि खाली माझं पान.

‘माग कुठाय मालक?’

‘गेला.’

‘कधी?’

‘दिवाळीच्या आदी. समदेच गेले. जकार्ड बी. वजनावर.’

‘मग फोनवर चालू आहे म्हणालात ते?’

त्यांनी माझ्याकडं न बघता उपरण्यानं तोंड पुसलं. ‘धंदा बंद हाय म्हणून कुणी फोनवर सांगतं व्हय? आन् तू असं इचारलीस, मला वाटलं, पोरीला चालूच पायजे हाय.’

मला चालूच पाहिजे होता.

ते उठले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले. टेबलावर काहीतरी चादरीनं झाकलेलं होतं. मोराची चादर, आमच्याच मागावरची. खाली तो कॉम्प्युटर. ‘ह्ये न्हाई दिलं. भंगारवाला लई मागं लागलता. म्हटलं, ह्ये पोरीचं हाय.’

कार्ड आत होतं. मी पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्युटर चालू केला, ड्रायव्हर चढवला. मागच्या बाजूला कार्डाचा हिरवा दिवा लागला.

‘बघ!’ मालक म्हणाले. ‘चालू हाय की न्हाई?’

दिवा लागला होता. ड्रायव्हरनं धागे उचलायचा हुकूम दिला, कार्डानं तो घेतला, आणि कार्डातून निघालेली केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. मी उगाच वर पाहिलं. शिडी नव्हती, अंगठा दाखवायला कोणी नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते मालकांपुढं आवरलं नाही. त्यांनी कॉम्प्युटर परत झाकला, चादरीच्या कडा चारी बाजूंनी खोचल्या आणि मला पाणी दिलं.

निघताना त्यांनी विचारलं, ‘मग आता आपलं काढत्याल का त्यातनं?’

‘बघते,’ मी म्हणाले.

घरी येऊन मी ‘टेस्टेड-बाय’ लिहिलं आणि पुढं माझं नाव लिहिलं. खोटं तरी कसं म्हणायचं? ड्रायव्हर चढला होता, दिवा लागला होता. त्या गृहस्थाला सोलापूर नकाशावरही सापडलं नसतं. ती ओळ दिवसभर पडद्यावर तशीच ठेवली. घरात खोटं, पेठेत खोटं. आयुष्यात एवढी एकच जागा होती जिथं मी खोटं बोलले नव्हते. संध्याकाळी ती ओळ खोडली आणि लिहिलं, माझी माहिती चुकीची होती, माग विकला गेला आहे, कोणी वापरणारा नाही, काढायला माझी संमती आहे.

त्यानं लगेच उत्तर दिलं. कळवल्याबद्दल आभार, इतकी वर्षं सांभाळलंत त्याबद्दलही. खाली माझी सगळी फाइल होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि काढलेल्या ओळींना लावतात तशी प्रत्येक ओळीआधी वजाची खूण. सोलापूरच्या ओळीआधीही होती.

आई कप न्यायला आली. ‘केलस मुगीतेन?’ तिनं कन्नडमध्ये विचारलं. काम संपलं का?

संपलं म्हणाले.

पुढं बऱ्याच दिवसांनी मालकांचा फोन आला. तब्येत, आई, पाऊसपाणी असं सगळं विचारून झालं. मग म्हणाले, ‘आपलं हाय न्हवं अजून त्यात?’

मला पान आठवलं, तसबिरीखालचं.

‘आहे की मालक. चालू आहे.’

‘आन् तुजी नोकरी?’

‘तीही चालू आहे की.’

पलीकडं मालक खाकरले.

‘बरं,’ मालक म्हणाले. ‘चालू दे.’