आत्याच्या गॅलरीतलं ऊन

आमच्या जळगावच्या मेहरूणमध्ये कौतिकनानांच्या चहाच्या गाडीवर सध्या एक बातमी उकळते आहे. नाना ती बशीवर फुंकर मारत सांगतात, "त्या वरच्या ललितनं... फू... सख्ख्या आत्याला फ्लॅटात फसवलं. बाई बिचारी... फू... रडत धुळ्याला गेली." नानांची नक्कल करताना फुंकर बरोबर जागी पडली तरच लोक हसतात, म्हणून ही बातमी मला फुंकरींसकट पाठ आहे.

पण सुगंधाआत्या रडत गेली नाही. तिला बसमध्ये बसवायला मी गेले होते. तिने खिडकी धरली, शेजारच्या बाईला सरकवलं आणि बस हलायच्या आधीच शेंगा सोलायला घेतल्या. आणि फसवलं म्हणाल, तर ते जवळपास झालं होतं. हा "जवळपास" नाना गाळतात.

ललितभाऊ आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. बिल्डरांसाठी तो लोकांना घरं दाखवतो, जी अजून बांधलेलीच नाहीत. सगळं कॉम्प्युटरमध्ये रचलेलं. भिंत, फरशी, नळाचं पाणीसुद्धा. पण बघणारा म्हणतो, फोटो छान आलाय. खिडकीला त्याने काळं कापड लावलंय, कारण बाहेरचा उजेड पडला की पडद्यावरचे रंग फसतात. भर दुपारी तो अंधारात बसून दुसऱ्यांसाठी सकाळ तयार करतो.

आणि सकाळही कशी, तर सिनेमातली. कॅमेरा दारातून इतका हळू आत येतो, जणू कोणी फार वर्षांनी घरी परतलंय. फरशी नुकती पुसलेली, त्यात खिडकी उलटी दिसते. पडदा जरासा हलतो. मागचं सगळं धूसर, आणि समोर एका कपातून वाफ. आमच्या घरात इतकं हळू कोणी चालत नाही. चाललं तर मम्मी विचारते, काय लपवतेस? सोफ्याच्या उशीला तो एक खड्डा पाडतो, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा. स्विचबोर्डाभोवती बोटांचे मळके डाग उठवतो. "डाग नसला की खोटं वाटतं," एवढं लांब वाक्य मी त्याच्या तोंडून तोवर एकदाच ऐकलं होतं.

एरवी त्याचा एकच शब्द, "बघू". भाडं मागा, "बघू". लग्नाचं विचारा, "बघू", पण मान खाली. जेवायला बोलवा, "बघू", आणि पाय आधीच जिन्यावर. मला ते सगळे जमतात.

निर्मलकुमार शेठच्या नव्या स्कीमची फिल्म त्याने केली तेव्हा आवाज माझा होता. विमानात सूचना देतात ना, त्या बाईच्या सुरात मी म्हटलं होतं, "सोनेरी सकाळ... आपल्या स्वतःच्या गॅलरीत." फिल्म इतकी देखणी झाली की ललितभाऊने ती घरच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती धुळ्याला, देवपुरात, आत्याच्या फोनवर गेली.

आत्याचं थोडं सांगते. ललितभाऊ धुळ्याला डिप्लोमा शिकत होता तेव्हा तिच्याकडे राहिला, तिच्या हातचं खाल्लं. ती दर उन्हाळ्यात गच्चीवर ज्वारीचे बिबडे घालते. बिबडा म्हणजे आंबवलेल्या ज्वारीचा शिजवून थापलेला पापड. त्याला दिवसभराचं कडक ऊन लागतं. धुळे, जळगाव, सुरत, जिथे जिथे तिचं माणूस आहे तिथे डबा जातो. आता गुडघे गच्चीचा जिना चढू देत नव्हते. जळगावला ललितजवळ जावं असं तिच्या मनात होतं, पण बिबडे कुठे वाळवायचे यावर गाडी अडली होती.

फिल्म बघून तिचा फोन आला. ललितभाऊ जिन्यातच स्पीकरवर बोलत होता, म्हणून मला सगळं मिळालं.

"ललित, ती गॅलरी कोनी लेयेल नही ना? माले तीच जोयजे. काय ऊन शे, माय. हाई घर ईकी टाकसू." राहतं घर विकायला निघाली होती ती.

"बघू," ललितभाऊ म्हणाला.

हा "बघू" नवा होता. मी लगेच करून पाहिला, जमला नाही. म्हणून वर गेले.

तो खुर्चीत बसला होता. मला बघून त्याने ती इमारत पडद्यावर फिरवली आणि उत्तरेचा बाण दाखवला. बाण थेट त्या गॅलरीतून बाहेर जात होता.

"म्हणजे तिथे ऊन येत नाही?"

"नाही."

"मग ते पडलंय काय?"

त्याने माऊसने सूर्य धरला आणि सरकवला. पूर्वेकडून उत्तरेकडे, आपण ताटली सरकवतो तसा. गॅलरी सोन्याची झाली. मग त्याने एक बटण दाबलं, तर समोर अख्खी एक इमारत उभी राहिली. बी विंग. ती कॅमेऱ्याच्या आड येत होती म्हणून त्याने लपवली होती.

"शेठनी सांगितलं होतं?"

"नाही. शेठ म्हणाले, उजेड दे. हे मी केलं."

"का पण?"

"चांगलं दिसत होतं."

आठवडाभर तो जेवायला आला नाही. आत्या टोकन द्यायला येणार हे ठरलं. मी म्हटलं, "ललितभाऊ, तू काही सांगणार नाहीस. तुझं तोंड उघडत नाही. लाव पैज. सांगितलं नाहीस तर तुझी पुढची फिल्म कौतिकनानांच्या आवाजात, फुंकरींसकट."

"तोंडाने सांगितलं तर, चेलना?"

"तू म्हणशील ते करीन."

पैज मीच जिंकणार, हे मला वरून येणाऱ्या माऊसच्या टिकटिकीतून कळत होतं. कारण तोंड उघडण्याऐवजी तो नवी फिल्म करत बसला होता.

शेठच्या साईट ऑफिसात आत्या नऊवारी सावरत बसली, पैज बघायला मी तिच्या मागे. मांडीवर पर्स, पर्समध्ये चेक. शेठ म्हणाले, "आत्या, आधी पाणी घ्या, मग काम." ललितभाऊने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला.

या फिल्ममध्ये कॅमेरा हलत नव्हता. संगीत नव्हतं, माझा आवाज नव्हता. तीच गॅलरी, समोर बी विंगची भिंत, आणि खाटेवर साडी अंथरून घातलेले बिबडे. ते बिबडे असे की हात लावावा. कडेला बोटांचे ठसे, तीळ, वरून ओली चकाकी. भिंतीवरचा उजेड चढला, उतरला. सकाळची संध्याकाळ झाली. चकाकी तशीच राहिली.

शेठ पुढे झुकून बघत होते. आत्या टीव्हीजवळ सरकली. मग म्हणाली, "बठ्ठा बिबडा वल्लाच शेतस."

ललितभाऊने मान हलवली. त्याला वाटलं, झालं काम.

आत्या हसली. "तुन्हं मशीन बिघडनं, भाऊ. हाई खोटं शे. पहिलं खरं व्हतं. तठे कसं ऊन व्हतं, फरशी चमके, परदा हाले. तेच दखाड." आणि तिने पर्स उघडली.

चेक शेठच्या टेबलाकडे निघाला. मी मनात फुंकर मारली. ललितभाऊने तोंड उघडलं, आणि मी ओठ "बघू"च्या आकाराचे करून तयार ठेवले.

"आत्या," तो म्हणाला, "पहिलं खोटं शे. तठे ऊन येत नही. कधीच नही. ते ऊन मी लावं व्हतं."

आत्याचा हात थांबला. "तू?"

"मी."

"माले?"

तो खाली बघत राहिला. ते मौन इतकं वाईट होतं की मला त्याची नक्कल आजही करवत नाही.

शेठ हळूच म्हणाले, "ललित, मी सूर्य फिरवायला सांगितलं होतं का रे?"

"नाही, शेठ."

शेठनी टीव्ही बंद केला. आत्याने चेक पर्सच्या आतल्या कप्प्यात घातला, चेन लावली आणि म्हणाली, "माले स्टँडवर कोन सोडस?" ललितभाऊ उठला. "तू नको," ती म्हणाली. म्हणून मी गेले. बसच्या खिडकीतून तिने एवढंच विचारलं, "जेवस का तो?"

या उन्हाळ्यातही ती देवपुरातच आहे. जिन्याला मधे कठडा बसवून घेतलाय. बिबड्यांचा डबा ललितभाऊला आला, पण फोन नाही. डबा अजून बांधलेलाच त्याच्या टेबलावर आहे. त्या बाजूला आधी बुकिंग केलेल्यांकडेही तो स्वतः जाऊन आला. एकाने सोडलं, एकाने शिव्या दिल्या. एक मास्तर म्हणाले, बरं झालं, उन्हाळ्यात गार राहील. मास्तरांच्या बोलण्याने त्याला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. शेठचं जुनं होर्डिंग उतरलंय, तरी त्या रस्त्याने जाताना तो मान खाली घालतो.

आणि मी पैज हरले.

मला वाटलं, तो म्हणेल, नक्कल बंद कर. तो म्हणाला, "चाल. बोलू नको." आमच्या गच्चीवर हिरवं कापड लावून त्याने माझं चालणं टिपलं, मग कॉम्प्युटरमध्ये त्या कापडाच्या जागी गॅलरी बसवली. स्कीमची खरी फिल्म आली आहे, सूर्य जागेवर, बी विंग उभी. त्या सावलीतल्या गॅलरीत मी येते, कठड्याला हात लावते, समोरची भिंत बघते आणि आत जाते. तोंड मिटलेलं.

कौतिकनानांनी ती फोनवर पाहिली. "पोरगी... फू... आपल्या चेलनासारखी दिसते," ते म्हणाले. "पण ती नाही. ही गप्प आहे."