फ्लॅनेलवरची रेघ

समजा, तुम्ही एका यंत्रासमोर उभे आहात. तुमच्यापेक्षा उंच ड्रम फिरतोय. ड्रमच्या अंगावर मनगटाएवढे जाड रोलर बसवलेत आणि प्रत्येक रोलरला बारीक तारेचे दाते आहेत, मांजराच्या नखांसारखे टोकाशी वाकलेले. ड्रम फिरतो, त्यावरचे रोलर स्वतःभोवतीही फिरतात, आणि त्या सगळ्यावरून ताणलेलं कापड सरकत राहतं. दाते सुतातले तंतू उचकटून वर काढतात. आत शिरतं ते साधं सुती कापड, बाहेर येतं ते मऊ, ऊबदार फ्लॅनेल. तान्ह्या बाळाला गुंडाळतात ते.

आता समजा, कापड ड्रमला टेकतं त्या तोंडाशीच कापसाचा एक बोळा अडकलाय. तो तसाच पुढे गेला तर कापडाला तिथं टक्कल पडणार. तुमचा हात बोळ्यापासून वीतभर लांब आहे. यंत्र थांबवाल, की चालत्या यंत्रात दोन बोटं घालून बोळा उचलाल?

थांबवू म्हणालात ना? माझी आत्याही पहिल्या दिवशी हेच म्हणाली होती.

तिला काम शिकवणाऱ्या बाईला गिरणीच्या त्या खात्यात सगळे ‘तीनबोटी’ म्हणायचे. का म्हणायचे ते वेगळं सांगायला नको. तीनबोटीनं आत्याला यंत्र थांबवून दाखवलं आणि मग कापड पुढे ओढून म्हणाली, “गाल लाव.” आत्यानं गाल लावला. मऊ, मऊ, आणि मध्येच एक रखरखीत पट्टा, या काठापासून त्या काठापर्यंत. यंत्र बंद केलं तरी ड्रम लगेच थांबत नाही, आणि उभं राहिलेलं कापड तेवढा वेळ एकाच जागी ओरबाडलं जातं. त्याला खात्यात ‘रेघ’ म्हणतात. डोळ्याला ती चटकन दिसत नाही, गालाला लगेच कळते. रेघ पडली की अख्खा तागा सेकंडात, म्हणजे दुय्यम मालात, जातो.

“म्हणून थांबवायचं नाही,” तीनबोटी म्हणाली. “उचलायचं आणि हात मागे घ्यायचा. घाबरायचं मात्र रोज. ज्या दिवशी भीती वाटणार नाही, त्या दिवशी घरी जायचं.”

आत्यानं हे शब्दशः पाळलं. मी लहान असताना तिच्याकडे राहायला जायचे, तेव्हा ती कामाला निघण्याआधी नखं बघायची, केस रुमालात घट्ट बांधायची, आणि दाराशी क्षणभर थांबायची. मला वाटायचं, काही विसरली असेल. “पोटात गोळा येतो गं,” असं तिनं फार पुढे सांगितलं. “इतकी वर्षं झाली, रोज येतो. आला नाही तर जास्त भीती वाटते.”

मग तिची सून तशाच यंत्रावर लागली.

आत्यानंच शब्द टाकला होता. मुलगा ट्रकवर, पंधरवडा पंधरवडा बाहेर. सून घरात बसून कंटाळलेली, हाताला चपळ, शिकायची हौस. आत्याला वाटलं, आपल्या डोळ्यांसमोर राहील. झालं उलटंच. डोळ्यांसमोर राहिली म्हणून तर जीव टांगणीला लागला. सून घाबरतच नव्हती. ती बोळा असा टिपायची, जसा कुणी दुसऱ्याच्या खांद्यावरचा धागा काढावा. शेजारच्या यंत्रावर उभी असलेली आत्या तेवढा वेळ स्वतःचं कापड बघायची विसरायची. पुढे पुढे तर घरी सुनेनं चहाचा कप पुढे केला की आत्या आधी बोटं बघायची, मग कप घ्यायची.

“आई, दहाच्या दहा आहेत,” सून हसायची. “मोजून घ्या आणि सही द्या.”

“थट्टा नको करू.”

“बरं, मग नऊ म्हणते.”

आत्या त्या दिवशी चहा न पिता उठली.

यंत्राला कंपनीचा एक सुरक्षा-दांडा होताच. ड्रमच्या तोंडापुढे आडवा, हात लागला की यंत्र बंद. पण तो प्रत्येक यंत्रावर सुतळीनं वर बांधून ठेवलेला असायचा, कारण चुकून कोपर लागलं तरी रेघ पडायची. साहेब येऊन सोडायला लावायचे, साहेब गेले की पुन्हा सुतळी. आत्यानं आपल्या आयुष्यातला एकुलता एक शोध लावला तो या सुतळीकडे बघून. तिच्या मनात आलं, माणसं दांडा बांधतात ती हाताची पर्वा नाही म्हणून नव्हे, रेघेच्या भीतीनं. मग थांबल्यावर रेघच पडली नाही तर? थांबता क्षणी कापडच ड्रमपासून उचललं गेलं तर?

मी तेव्हा वस्त्रतंत्राच्या शेवटच्या वर्षाला होते. तिनं मला हे सांगितलं तेव्हा मी उड्याच मारल्या. रात्रंदिवस आकृत्या काढल्या, त्यातल्या निम्म्या खात्यातल्या फिटरनं चहाचे ग्लास ठेवायला वापरल्या आणि निम्म्या खरंच वापरल्या. शेवटी जे झालं ते साधं होतं. आडव्या दांड्याला बोट लागलं की एक वजन सुटतं. ते वजन खाली पडताना तीन गोष्टी एकदम करतं. स्विच बंद करतं, ड्रमला ब्रेक लावतं, आणि कापड ताणून धरणारा रोलर मागे ढकलतं. कापड सैल होऊन दात्यांपासून सुटतं. यंत्र थांबतं आणि गाल लावला तर सगळं मऊ.

आम्ही झाडूच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून चाचण्या घेतल्या. वजन पडायचं, खाड् आवाज व्हायचा, झाडू वाचायचा. सगळं खातं बघायला जमलं होतं. यंत्राच्या मागच्या बाजूला, कापड बाहेर येतं तिथं, एक जाडजूड गृहस्थ काम करायचे. आवाजामुळे त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणत. ते म्हणाले, “झाडूचा विमा उतरवा रे कुणीतरी!”

आणि त्याच्या पुढच्याच चाचणीला वजन पडलंच नाही.

झाडू आत गेला. दात्यांनी चिंध्या खेचल्या, मग लाकूड. कडकड आवाज झाला. भोंग्यांनी मागचं लाल बटण दाबलं तेव्हा हातभर झाडू उरला होता. कुणी हसलं नाही. फिटरनं बिजागरी उघडली. आत कापसाची भुकटी दाबून बसली होती, वजन अर्ध्यात लटकलेलं. त्यानं बिजागरीवर पत्र्याचं झाकण बसवलं. पुढच्या साऱ्या चाचण्या नीट झाल्या. साहेबांनी आत्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि सुनेच्या यंत्रावरची सुतळी कात्रीनं कापली. आत्या घरी आली आणि भांडी घासताना मला म्हणाली, “तो झाडू आठवतो का तुला?”

“आत्या, झाकण बसवलंय आता.”

“हो,” ती म्हणाली. “झाकण बसवलंय.”

नवा दांडा सगळ्यांना आवडला. कोपर लागलं तरी रेघ नाही, साहेबांची कटकट नाही. सुनेला तर फारच आवडला. ती आता बोळा टिपायला आणखी आत हात घालायची. आत्या ओरडली तर म्हणायची, “आई, तुमचाच दांडा आहे ना? तुमचा विश्वास नाही?” आत्याच्या पोटातला गोळा आता घरी येऊन उतरत नव्हता. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी ती झाकणाखाली फुंकर मारायची, बोटानं वजन हलवून बघायची. मग दुपारी पुन्हा. भोंगे म्हणायचे, “वहिनी, बाळाचा पाळणा हलवावा तसं हलवताय.” ती हसायची नाही.

तो दिवस साधाच होता. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. आत्या आपल्या यंत्रावर कापडाचा जोड बघत पाठमोरी होती. तिला आधी सुनेचा आवाज आला. किंचाळी नव्हे, नुसतं “आँ?” असं, कुणी मागून हाक मारल्यावर म्हणतो तसं. मग खाड्. मग भोंग्यांची आरोळी. आत्या वळली तेव्हा यंत्र उभं होतं आणि सुनेचा उजवा हात ड्रमच्या तोंडात होता.

आत्याला पुढचं तुटक तुटक आठवतं. भोंगे मागून धावत आले, त्यांनी कापड ताणणाऱ्या रोलरची मूठ ओढून कापड सैल केलं. फिटरनं ड्रम हातानं उलटा फिरवला. हात बाहेर आला. तीन बोटांच्या टोकांवरची कातडी सोललेली, एक नख उलटलेलं. बस्स. तेवढंच. सून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “दहा आहेत, आई, दहा आहेत.” आत्यानं तिचा हात रुमालात गुंडाळला आणि दोघी दवाखान्यात गेल्या. यंत्र दुसऱ्यांनी चालू केलं. मालाची घाई होती. संध्याकाळपर्यंत तो तागा गुंडाळून गाडीत गेलाही.

दुसऱ्या दिवशी सगळं खातं आत्याच्या पाया पडायचं बाकी होतं. दांड्यानं हात वाचवला! साहेबांनी तसाच दांडा बाकीच्या यंत्रांवर बसवायचा हुकूम दिला. मलाही फार आनंद झाला, मी फोनवर ओरडतच होते. आत्यानं सुनेच्या बोटांचं तेवढं सांगितलं आणि फोन ठेवला.

मग तिनं भोंग्यांना गाठलं. “भाऊजी, काल तुम्ही बटण दाबलंत?”

“दाबलं की! माझं काम आहे ते.”

“यंत्र थांबायच्या आधी, की नंतर?”

भोंग्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “पोरीचा आवाज ऐकला,” ते म्हणाले. “हात बटणावर गेला. यंत्र थांबलं. वहिनी, सगळं एकदमच झालं हो.”

“आणि कापड तुम्ही सैल केलंत. ते आधीच सैल नव्हतं?”

“मूठ ओढली मी. जड लागली का हलकी लागली, देवाशपथ आठवत नाही.”

“मी खाड् ऐकलं.”

“माझं बटणही खाड्च वाजतं, वहिनी.”

आता आत्याची भीती तुमच्या लक्षात आली असेल. वजन पडलं असेल तर तिच्या दांड्यानं सुनेचा हात वाचवला. वजन झाडूच्या वेळेसारखं लटकलं असेल तर हात भोंग्यांच्या बटणानं वाचला. आणि दांड्यानं? दांड्यानं तो हात आत घालायला लावला. दांडा नसता तर सून इतकी आत गेली नसती.

फिटरला विचारलं, तर ड्रमचा ब्रेक सुटावा म्हणून त्यानं घाईत वजन वर ढकललं होतं, ते पूर्ण पडलेलं होतं की अर्ध्यात लटकलेलं हे त्यानं बघितलंच नव्हतं. मी तिला फार समजावलं. वजन तपासलं, पडत होतं. पुन्हा तपासलं, पुन्हा पडलं. “आज पडतंय,” ती म्हणाली. “मी त्या दिवसाचं विचारतेय.” मी वजनाशेजारी एक छोटा दिवा बसवून घेतला. वजन पडलं की पेटतो आणि पेटलेलाच राहतो, म्हणजे पुढच्या वेळी शंका नको. फिटरनं मान डोलावली, साहेबांनी शाबासकी दिली. आत्यानं दिव्याकडे बघितलं आणि विचारलं, “पुढच्या वेळी म्हणजे?”

मी फिटरकडे वळून दिव्याची तार घट्ट बसली का ते विचारलं.

पुरावा एकच होता, आणि तो तिलाच सुचला. वजन पडलं असेल तर कापड दात्यांपासून लगेच सुटलं असणार, म्हणजे रेघ नाही. नुसतं बटण दाबलं गेलं असेल तर रेघ आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. त्या ताग्याला गाल लावला असता तर एका क्षणात कळलं असतं. पण त्या घाईत कुणी लावला नाही. मालाची तपासणी करणाऱ्यांनी तो पास केला, पण ते डोळ्यांनी बघतात, आणि एखादी रेघ सुटतेच. तागा कुठल्या तरी शिलाईच्या कारखान्यात गेला, त्याचे तुकडे झाले, दुपटी झाली, झबली झाली.

सुनेची बोटं भरून आली. ती पुन्हा त्याच यंत्रावर उभी राहते. आता ती हात जपून घालते, आणि आत्या म्हणते, हेच एक बरं झालं. बाकीच्या यंत्रांवरही तोच दांडा आहे. प्रत्येकापुढे कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी सून उभी असते. आत्या निवृत्त होऊ शकते, होत नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी एकेका यंत्रापाशी जाऊन झाकणाखाली फुंकर मारते. बायका म्हणतात, म्हातारीला आपल्या शोधाचा केवढा अभिमान!

परवा आम्ही दोघी बाजारात गेलो होतो. कपड्यांच्या दुकानात एक तरुण बाई तान्हं बाळ घेऊन उभी होती, पांढऱ्या फ्लॅनेलच्या दुपट्यात गुंडाळलेलं. आत्या थबकली. तिनं बाईला विचारलं, “बघू का जरा?” बाई कौतुकानं हसली, तिला वाटलं बाळ बघायचंय. आत्यानं वाकून बाळाच्या पाठीवरच्या कापडाला गाल लावला आणि डोळे मिटून हळूहळू या काठापासून त्या काठापर्यंत नेला. बाळ झोपलेलंच होतं.

दुकानाबाहेर आल्यावर मी म्हटलं, “आत्या, ते तेच कापड कशावरून?”

“कशावरूनही नाही,” ती म्हणाली. तिनं गालावरून हात फिरवला. काही राहिलंय का, ते बघावं तसा. मग माझ्याकडे न बघता तिनं तेच विचारलं, जे ती मला त्या दिवसापासून विचारते आहे.

“तुझा काय अंदाज आहे गं? त्या कापडावर रेघ होती का?”